संध्याकाळची गोळी

मी पालमला शाळेत विज्ञान शिकवते. कोवळं ऊन अंगावर घेतलं की ड जीवनसत्त्व मिळतं, हे वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलेलं. आणि परभणीचे किडनीचे डॉक्टर माझ्या मायला म्हणाले, "तुमच्या अंगात कामाचं ड नाही." माझं डोकंच फिरलं. अहो, वीस हंगाम उसाच्या फडात काढलेत या बाईनं! उन्हाची कमी असली तर आम्हा मास्तरणींना असावी, हिला कुठून?

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, ऊन नुसतं दूध देतं, विरजण किडनी लावते, आणि मायची किडनी निम्म्याहून जास्त गेलीय. म्हणून गोळीतून आयतं दही द्यायचं. ते पेशीत ठरलेल्या जागी जाऊन बसतं, त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. तसं झालं की मानेतल्या चार बारीक ग्रंथी गप्प बसतात. नाहीतर त्या हाडांतलं कॅल्शियम ओढत राहतात. सकाळी एक कॅप्सूल, संध्याकाळी एक.

तीन महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथं. डॉक्टरांनी सकाळी दोन, संध्याकाळी दोन केल्या. तरी रक्तातला त्या ग्रंथींच्या रसाचा आकडा काही खाली येईना. हाडांच्या दुखण्यानं मायला बसलं तर उठवत नव्हतं, उठलं तर बसवत नव्हतं. "पुढच्या खेपेला उतरला नाही तर मानेचं ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. मायचा हात आपोआप गळ्यावर गेला. "गळ्याला सुरी लावू देणार न्हाई मी," एवढंच बोलली.

मग मी मोबाइल घेऊन बसले. म्हणलं, याहून चांगलं औषध निघालंच असेल जगात. वाचत गेले तशी जास्तच गोंधळत गेले. हा रिसेप्टर कातडीत हाय, आतड्यात हाय, जिथं बघावं तिथं हाय! त्यामुळं सोरायसिसचं मलम याच घरातलं, किडनीवाल्यांची इंजेक्शनं याच घरातली, कॅन्सरवरही कोणी कोणी करून बघितलेलं. पण बऱ्याच औषधांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं. गुण यायच्या आधी रक्तात कॅल्शियम चढतं. आता शास्त्रज्ञ असं औषध शोधायलेत जे हवं तिथंच काम करील आणि कॅल्शियमला हात लावणार नाही. मला एवढंच कळेना, की मायला ना गुण येत होता, ना कॅल्शियम चढत होतं. औषध खोटं का माय वेगळी?

त्यात बाचं सुरू झालं. बा म्हणजे आमचे वडील, कधी सर्दीनंही न झोपलेला गडी. तांब्यावर तांब्या पाणी प्यायलेत, घडीघडी लघवीला उठायलेत, जेवणावरची वासना गेलेली, पोट साफ नाही. आज वार कोणता ते तीनदा विचारायचे. मी म्हणलं, साखर. तपासली, साखर नव्हती. एकाचं निस्तरेना तर दुसऱ्याचं गळ्यात! मी घरात सगळ्यांवर वस्सकन ओरडत सुटले.

मायच्या पुढच्या खेपेला बालाही सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांचंही रक्त काढायला लावलं. बाचं कॅल्शियम चढलेलं निघालं, चांगलंच.

"बाबा, ड ची काही गोळी घेता का तुम्ही?"

बा खाली बघत बसले. माय सरळ म्हणाली, "माझ्यातली संध्याकाळची देते की मी त्येंला."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी अख्ख्या जगाची औषधं वाचली, आणि घरात कोण काय गिळतंय ते विचारलं नाही.

"माय! कामून दिलीस?"

"ताकदीची गोळी हाय ना? मंग मी एकटी कशी खाऊ? त्येंची बी हाडं झिजलीच की." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. भाकर निम्मी, मोळ्या निम्म्या. त्या दोघांनी आयुष्यभर काही एकट्यानं खाल्लंच नव्हतं. मला तेव्हा हे काही सुचलं नाही. मी दवाखान्यात सगळ्यांसमोर तिला नको नको ते बोलले.

बाला लगेच भरती करून सलाईन लावलं. "वेळेत आलात, उतरेल," डॉक्टर म्हणाले. मायला ऑपरेशनची घाई नको, आधी सगळ्या गोळ्या तिच्याच पोटात जाऊ द्या, असंही म्हणाले. मी खाटेशी बसले, पण राग काही जाईना.

"बा, तोंडाला कोरड पडायलीय, पोट फुगायलंय, तुमाला कळंना का हे कशानं व्हायलंय?"

"कळलं की," बा हळूच बोलले. "लय आधीच कळलं."

"मंग सोडली का न्हाई?"

"सोडली व्हती एक दिवस. तर तिनं बी दुसऱ्या दिशी सकाळच्या तशाच ठिवल्या. मी घेतल्याबिगर ती घेत न्हाई. म्हणलं, निम्म्या तरी जाऊ द्या तिच्या पोटात."

पायथ्याशी बसून माय त्यांचे पाय दाबत होती. तिचा हात थांबला. संध्याकाळच्या गोळ्यांची वेळ झालीच होती. तिनं पिशवीतून पाकीट काढलं, दोन्ही कॅप्सूल तळहातावर घेतल्या, आणि बाकडं बघत बघत एकटीनं गिळल्या.