व्हॉल्व्हमामांचा कान

रस्त्याला कान लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या गल्लीचं पाणी सोडणारे व्हॉल्व्हमामा. पाइप फुटल्याची तक्रार आली की ते लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही बायका भोवती उभ्या राहून नगरपालिकेच्या नावाने शंख करत असायचो. मामा हात वर करून आम्हाला गप्प करायचे. "आधी कान लावायचा, मंग तोंड उघडायचा." मग पायाने खूण करायचे, "इथं खना." लिकेज तिथेच सापडायचं.

राहायला ते जवळच्या जांभूळ गावात. सकाळी सायकलवरून यायचे. आमची कुत्री चिंगी पिल्लू असल्यापासून त्यांच्या मागे. मामा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकले की ही शेजारी बसून आत डोकावणार. "आपली असिस्टंट," म्हणत ते तिला अर्धं बिस्किट द्यायचे. रिटायर झाल्यावरही ते आठवड्यातून एकदा येत. माझ्या हातच्या चहासाठी येतात असं मी समजत होते, पण येत ते चिंगीला भेटायला.

तेराव्या वर्षी चिंगीला झोपेत लघवी व्हायला लागली. उठली की ओल्या जागेकडे बघायची आणि कपाटामागे जाऊन तोंड लपवायची. मी तिला दोनदा चांगलीच रागावले होते. ते आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते. घरभर वास. सतरंजी धुऊन वाळेपर्यंत दुसरी ओली. माझा नवरा काही वाईट माणूस नाही, पण एका सकाळी त्याची ऑफिसची बॅगच भिजली आणि तो म्हणाला, "बदलापूरला एक जण म्हातारी कुत्री सांभाळतो म्हणे. येत्या रविवारी सोडून येऊ." मी दोन आठवडे मागून घेतले.

आता आम्ही पाणीकपातीत वाढलेली माणसं. कुठलंही संकट आलं की आधी पाणी कापायचं, एवढं आम्हाला येतं. मी चिंगीचं पाणी कापलं. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर, मधल्या वेळात भांडं पालथं. गळणं काही थांबेना, उलट आता थेंब थेंब दिवसभर.

पहिलाच आठवडा संपत आला होता तेव्हा मामा आले. पालथं भांडं बघून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हिचा पानी कोनी बंद केला?"

मी माझी हुशारी सांगितली. मामा माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "ताई, तीस वर्सां व्हॉल्व्ह फिरवला मी. वरून पानी तोडून लिकेज कवा थांबला नाय. पायपात नुस्ती घान बसते. हिला कान लावला का कोनी?"

उठून त्यांनी स्वतः भांडं भरलं. चिंगी किती वेळ पीत होती! मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी तिला मांडीवर घेऊन मामा आमच्याबरोबर रिक्षातून उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आले. डॉक्टर म्हणाले, वयाने लघवी धरून ठेवणारा स्नायू सैल पडलाय, त्यात पाणी कमी पडून इन्फेक्शन झालंय. दोन्हींवर औषध आहे, पण पाणी अजिबात तोडू नका. मी मान खाली घातली. मामांनी परतीच्या वाटेवर एका शब्दानेही टोचलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कॅलेंडरच्या मागे पाच वेळा लिहून दिल्या. "टायमिंग पान्याला नाय, बाहेर नेयाला लावायचा." उठल्यावर, दोन्ही वेळा खाल्ल्यावर, संध्याकाळी, झोपायच्या आधी. पुढच्या खेपेला सायकलला बांधून रबराचं शीट आणलं, तिच्या अंथरुणाखाली घालायला. ओली झाली की कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची, नाहीतर कातडी सोलते, हेही त्यांनीच दाखवलं. गळणं पूर्ण थांबलं नाही, पण उरलं ते आम्हाला झेपलं. सकाळची फेरी नवऱ्याने आपणहून घेतली आणि बदलापूरचा तो रविवार काही आला नाही. चिंगी पुढे जवळजवळ दोन वर्षं जगली, भरल्या भांड्याशेजारी, आणि माझ्या मांडीवर गेली. ती दोन वर्षं मामांनी दिलेली आहेत.

शेवटच्या काही महिन्यांत मामांचं येणं थांबलं होतं; वयाने सायकल झेपत नसेल, असं मी धरून चालले होते. चिंगी गेल्याचं सांगायला मी जांभूळला गेले. मामा खाटेवर, अगदी वाळलेले. उशाशी पाण्याचा पेला तसाच भरलेला. सून हळूच म्हणाली, "पानीच पीत नाय. अंथरुनात होते ना, म्हनून."

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चिंगी कपाटामागे जायची, तसंच.

मी पिशवीतून ते रबराचं शीट काढलं. परत द्यायला धुऊन, वाळवून आणलं होतं. त्यांच्या पायाशी ठेवलं आणि विचारलं, "मामा, पाणी कोणी बंद केलं?"

 त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण वळले तेव्हा हसत होते, डोळे मात्र भरलेले.

"डाक्तर त्योच काय, कॅम्पातला? कुत्र्यांचा?"

"नाही, माणसांचा बघू. पण आधी प्या."

सुनेने त्यांना उठवून बसवलं. मामांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.