सिझरची पायाळू

नळ आले त्या दिवशी माझी कंबर गेली. लातुरात नळ आले की घरातलं बाकी सगळं थांबतं. बाळ कडेवर, उजव्या हातात भरलेली बादली आणि तोंडानं चार वर्षांच्या लेकीला "ओट्यावरनं उतर" म्हणून ओरडणं, अशी माझी तीन कामं एकदम चालली होती. बादली ठेवायला वाकले आणि कमरेत अशी चमक भरली की तशीच ओणवी राहिले. आत्याबाई धावत आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, निलंग्याकडच्या. त्यांनी आधी बाळ काढून घेतलं, मग नळाखाली दुसरी बादली लावली आणि मग मला धरलं. क्रम बरोबरच होता. पाणी पुन्हा कधी येईल याचा नेम नाही, सून कुठं जाते!

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर पाठीचा कणा काढायला मला पुस्तक लागत नाही. त्यामुळे डॉक्टर "मणक्यात गॅप पडलाय" म्हणाले तेव्हा, "गॅप नाही हो, चकती सरकलीय म्हणा," असं मी आडवी पडूनच त्यांना सुनावलं. त्यांनी मुकाट्यानं मला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. त्या माझ्याच एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. व्यायाम शिकवून झाल्यावर म्हणाल्या, "कमरेतून वाकायचं नाही. मूल कडेवर घ्यायचं नाही."

"मला दोन आहेत," मी म्हणाले.

"मग एकच उचला. तेही बसून," म्हणाल्या आणि हसल्या.

त्यांचं हसून झालं, पण मला घरी जाऊन निवड करायची होती. तशी ती झालेलीच होती. बाळ दहा महिन्यांचं, त्याला मांडीवर घेतल्याशिवाय चालणार नव्हतं. नवरा नोकरीला नांदेडला, शनिवारी येणार. तेव्हा लेकीला सांगितलं, "तू आता मोठी झालीस ना?" पहिले आठ-दहा दिवस ती बालवाडीतून आली की दारातच दोन्ही हात वर करून उभी राहायची. मी म्हणायचे, "आईच्या कमरेला बाऊ झालाय." ती थोडा वेळ तशीच थांबायची, मग हात खाली करायची.

एक दिवस तिनं हात वर केलेच नाहीत. चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या आणि माझ्याकडे न बघता आजीकडे गेली.

"बघ, किती शहाणं झालं लेकरू," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या.

मला मात्र रडू फुटलं. चार वर्षांच्या मुलीनं आईकडे मागायचंच सोडून द्यावं, याला मी शहाणपण म्हणायला तयार नव्हते. कंबर बरी होईल हे मला ठाऊक होतं. तोवर ही माझ्याकडे यायची सवय मोडून बसली तर काय, याची भीती वाटत होती.

माझी लेक पायाळू आहे. म्हणजे पोटात उलटी होती, पाय आधी. अशा माणसाचा पाय पाठीला तीनदा लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण दुखण्याला महिना झाला आणि आत्याबाईंनी विषय काढलाच. त्या वेळी नेमक्या समोरच्या किराणा दुकानातल्या मावशी आल्या होत्या. त्यांनी अडचण काढली.

"पर ही तर सिझरची. सिझरची पायाळू चालत न्हाई."

"कामून चालत न्हाई?"

"ती कुठं आपल्या पायानं आली? पोट कापून काढली की."

"डाक्टरनं काय धरून काढली? पायच धरून काढली न्हवं? मग झालं तर," आत्याबाईंनी निकाल दिला.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. प्रश्न माझ्याच विषयातला होता. शेवटी मी सतरंजीवर पालथी झाले. आत्याबाईंनी लेकीला दोन्ही दंडांना धरलं. तिनं इवलासा पाय माझ्या कमरेवर टेकवला, उचलला, टेकवला. मावशी मोजत होत्या. तिसऱ्यांदा झाल्यावर, आईला पाय लागला म्हणून लेक वाकून माझ्या पाया पडली. मग जमिनीला गाल लावून माझ्या तोंडासमोर तोंड आणलं.

"गेलं?"

महिन्याभरानं ती पहिल्यांदा माझ्या इतक्या जवळ आली होती. डोळे लकलकत होते. मी म्हणाले, "गेलं की! पार गेलं."

"बघा," आत्याबाई मावशींना म्हणाल्या. लेक उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

"मग घे मला."

बारावीच्या पोरांचं खोटं मी वर्गात उभ्या उभ्या पकडते, आणि माझं चार वर्षांच्या पोरीनं अर्ध्या मिनिटात पकडलं. उचलावं, काय व्हायचं ते होऊ दे, असं क्षणभर वाटलंही. पण पुन्हा महिनाभर आडवी पडले असते तर बाळाला घेणंही बंद झालं असतं. मी भिंतीला धरून उठले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि सांगून टाकलं, "खोटं बोलले मी. दुखतंय अजून."

मला वाटलं, रडेल. आत्याबाई तोंडाला पदर लावून बसल्या. लेकीनं मात्र डॉक्टरांसारखं माझ्याकडे बघितलं.

"किती दुखायलंय?"

"आधीपेक्षा कमी. पण दुखतंय."

"मग उद्या परत पाय देते," ती म्हणाली. "मी सिझरची हाय ना, टाइम लागतो."

त्या दिवसापासून बालवाडीतून आली की चपला कुठंही फेकून ती आधी माझ्याकडे यायला लागली. मी व्यायाम करून पालथी पडायचे, ती तीनदा पाय टेकवायची, पाया पडायची आणि शेजारी लोळायची. मग कुणी कुणाला चावलं, कुणाच्या डब्यात काय होतं, ही सगळी खबर माझ्या कानात सांगायची. बाळही रांगत यायचं आणि आमच्या अंगावर चढायचं. दुपारचा तो अर्धा तास इतका सुखाचा होता, की व्यायाम चुकवायचं माझ्या मनातही येत नसे. फिजिओच्या बाईंना मी भीत भीत हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अंगावर उभं राहू देऊ नका. पाय नुसता टेकवू द्या. बाकी चालू ठेवा, तुमचा चेहरा सुधारलाय."

असे चार महिने गेले आणि बाईंनी लेकीला उचलायची परवानगी दिली. त्या दुपारी बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी एक गुडघा टेकवला, पाठ सरळ ठेवली आणि लेकीला "ये" म्हणाले. ती लगेच आली नाही. आत्याबाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा आली. तिला छातीशी घट्ट धरून मी उठले. एवढ्या दिवसांत ती केवढी वाढली होती! पाय माझ्या गुडघ्यांना लागत होते. पण तिनं अंग काठीसारखं ताठ धरलं होतं, आणि माझ्या गळ्याला लोंबकळून स्वतःला वर उचलायला बघत होती. माझ्यावर भार पडू नये म्हणून.

"दुखायलंय का? खरं सांग."

"थोडंसं."

"मग उतरव."

"नाही उतरवत," मी म्हणाले.

तेव्हा तिनं खांद्यावर मान टाकली, अंग सैल सोडलं, आणि तिचं सगळंच्या सगळं वजन माझ्यावर आलं.