फोडणीकराचे कान

फोडणीकराला कोणताही आवाज ऐकला की भूक लागे. लढाईच्या काळात आम्ही दोघे नागपूरकर, समुद्र कधी न पाहिलेले, कोकणातल्या एका बंदरावर पहाऱ्याला होतो. पाण्याखाली मायक्रोफोन सोडलेले होते आणि त्यांच्या तारा आमच्या झोपडीत येत. हेडफोन लावून ऐकायचे आणि शत्रूची लहान होडी आत शिरली तर कळवायचे, एवढेच काम. पण उथळ पाण्यात कोळंब्या सतत तडतडतात, आणि त्या गोंगाटातून होडी वेगळी काढावी लागे. पहिल्याच दिवशी हेडफोन उतरवून तो मला म्हणाला, "मोहरी तडतडून राहिली गा. कांदा कोणी टाकत नाही." तेव्हापासून तो फोडणीकर.

मोटारबोटीला तो पिठाची गिरणी म्हणे, वल्ह्यांना ताक घुसळणे. अंदाज पुष्कळदा चुके. एकदा त्याने ताक कळवले आणि गस्तीच्या बोटीने खाडीत डुंबणारी म्हैस घेरली. मी हसलो, तर म्हणाला, "म्हैस निघाली ना? मंग ताकाच्या जवळच होतो."

साहेबाला एवढे पुरे झाले. त्याने परीक्षा लावली. वल्ह्यांना कापड गुंडाळून तो स्वतः होडी आत आणणार होता. फोडणीकराला ती कळली नाही, तर नोकरी गेली. आणि धरमपेठेतली त्याची सोयरीक ठरली होती ती या नोकरीवरच. त्या सकाळी तो उपाशी बसला. मी त्याला तसा पहिल्यांदाच पाहत होतो.

वल्ही त्याला ऐकू आलीच नाहीत. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "कोणी तरी भांड्याची खरवड काढून राहिलं. लई घाईनं." मी वर कळवले. बोट पोचली तेव्हा साहेब कमरेइतक्या पाण्यात बसून डब्याने होडी उपसत होता. होडी गळकी निघाली होती, आणि मदतीला हाक मारावी तर परीक्षा फुटली असती. कपडे बदलून त्याने निकाल दिला: उमेदवाराने डबा ऐकला, होडी नव्हे. नापास.

रजा काढून मी त्याच्यासोबत धरमपेठेत गेलो. बैठकीत मुलीच्या वडिलांनी नोकरीचे विचारले. त्याने साहेबाच्या डब्यासकट सगळे खरे सांगितले. वडील घसा साफ करून नकाराकडे वळले, तोच त्याने हात वर करून त्यांना थांबवले.

"बासुंदी तळाले लागून राहिली."

आतून मुलीचा आवाज आला, "ज्याले एवढं ऐकू येते, त्यानं येऊन ढवळावी."

तो उठून आत गेला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. बासुंदी वाचली, वाटीवाटीने वाढली गेली, आणि नकार द्यायचा राहून गेला.

पुढे संसारभर ती दार लावून स्वयंपाक करी आणि तो बाहेरून सूचना देई. तो गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा स्वयंपाकघराचे दार सताड उघडे होते. चुलीवरचे दूध लागल्याचे मला वासावरून कळले, म्हणजे उशिरा. तिने पातेले उतरवले. मी दाराकडे पाहतो आहे हे तिच्या लक्षात आले.

"त्याहिच्यासाठी लावत होती," ती म्हणाली. "आता लावू काहून?"