वर्षभर न चाललेल्या ओळी

नानांच्या खिशात पेन नसे, लाल पेन्सिल असे. लिहायची वेळ आली की ते समोरच्याचं पेन मागत. खोडायला मात्र स्वतःची पेन्सिल लागे.

नाना जळगावच्या एका कॉलेजात गणित शिकवत. पंचेचाळिशीत ते स्वतःच संगणक शिकले. नव्वदच्या दशकात गावातल्या एका संस्थेने रक्तदात्यांची यादी संगणकावर घेतली. तिच्या प्रोग्रॅमची देखभाल नाना करत. मी तेव्हा बातमीदार होतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच संस्थेत हातभार लावत असे.

प्रोग्रॅम चार-पाच जणांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेला होता. अध्यक्ष तीनदा बदलले, तरी पहिल्या अध्यक्षांचं नाव लुकलुकवणारा भाग आत तसाच होता. दुसरा एक भाग दात्याची रास छापायचा. "रास जुळली तरच रक्त द्यायचं होतं की काय?" असं म्हणून नानांनी त्यावर रेघ ओढली. मशीन लहान होतं. यादी सांभाळणाऱ्या सुमनअक्का म्हणत, "नाव सापडेस्तोवर माझा चहा उकळून होतो, नाना." नानांनी फापटपसारा काढला आणि अक्कांना चहाला वेळ मिळेनासा झाला.

काढण्याची त्यांची पद्धत सावध होती. संशय आलेल्या भागात ते मोजणी बसवत. तो भाग चालला की आकडा एकाने वाढे. वर्षभराने आकडा शून्यच असेल, तर तो भाग मेलेला धरायचा. मग तो कागदावर छापून फाईलला लावायचा आणि मशीनमधून पुसायचा. सहा महिने पुरणार नाहीत का, असं मी एकदा विचारलं. "दिवाळी वर्षातून एकदाच येते ना? मग वर्ष थांबायचं," ते म्हणाले.

एका वर्षी शून्यावर राहिलेल्या भागांत एक बाहेरगावचा होता. शहरात दाता मिळाला नाही, तरच तो तालुक्यांतली नावं शोधे. दुर्मिळ गटाचं रक्त त्या वर्षात दोनदाच लागलं होतं, आणि दोन्ही वेळा जळगावातल्याच पिंप्राळ्यातला एक बँक कारकून धावून आला होता. शोध शहराबाहेर गेलाच नव्हता. नानांनी तो भाग काढला. पुढच्या महिन्यात कारकुनाची बदली झाली.

त्यानंतर धुळ्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातून एक बाई बाळंतपणासाठी जळगावला आली. मुलगी झाली. रक्तस्राव थांबेना. तिचा नवरा हिलाल सकाळी दहाला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन संस्थेत आला. "अक्का, यादीमा कोनं नाव शे का?" अक्कांनी गट टाकला, तोच दुर्मिळ. पडद्यावर आलं, दाता उपलब्ध नाही. हिलाल रक्त शोधायला धुळ्याला निघाला.

दुपारी एकला कॉलेज सुटल्यावर नाना आले. अक्कांनी घडलेलं सांगितलं.

"बाहेरगावची नावं?" नानांनी विचारलं.

"ती आलीच नाहीत पडद्यावर. मला वाटलं, बाहेरही कोणी नाही."

नानांनी फाईलमधला कागद काढला आणि उभ्यानेच ओळी परत टाईप केल्या. वीस मिनिटं लागली. पहिलंच नाव जामनेरच्या एका शिक्षकाचं आलं. शाळेत फोन गेला. शिक्षक मिळेल त्या जीपने निघाले आणि चारला पोचले. बाई साडेतीनला गेली होती.

मी डॉक्टरांना भेटलो. सकाळी रक्त मिळालं असतं तरी खात्री नव्हती, असं ते म्हणाले. मी ते नानांना सांगितलं.

"खात्री नसेल. संधी होती," नाना म्हणाले. "ती मी पुसली."

त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. तरी तेराव्यानंतर ते हिलालच्या गावी गेले. मी सोबत होतो. ओट्यावर हिलालची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. नानांनी सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता.

हिलालने विचारलं, "म्हंजे नाव व्हतं, पन दिसनं नही?"

"हो. मी काढल्यामुळे."

"आते परत टाकं का?"

"टाकलं."

"मंग ऱ्हाऊ द्या." मग तो आईला म्हणाला, "माय, पोरगी मनाकडे दे. च्या ठेव. नाना दूरथून येल शेतस."

चहा आला.

पुढच्या रविवारी त्यांनी संस्थेची किल्ली अक्कांना दिली. अक्कांनी पुष्कळ समजावलं, पण ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी एका संध्याकाळी हृदयविकाराने गेले. दुसऱ्या सकाळच्या दैनिकात चार ओळींची बातमी मीच दिली.

अंत्ययात्रेआधी हिलाल आला. मुलगी कडेवर होती. "तुला कोणी कळवलं रे?" अक्कांनी विचारलं. "कोनी नही. पेपरमा वाचं," तो म्हणाला. त्याने मुलीला खाली उतरवलं आणि तिचे दोन्ही हात धरून नानांच्या पायांना लावले.