भाऊजींच्या वेबसाइटवरची घोंगडी

हिंगोलीच्या नेट कॅफेत कॉम्प्युटरवर माझाच फोटो होता. मी मागावर बसलेली, आणि खाली लिहिलेलं, ‘आमच्या हातची घोंगडी’. वेबसाइट दिराची होती. नवरा गेल्यावर त्यानं मला आमच्या घोंगड्यांच्या दुकानातून काढलं होतं. आता माझे हातही स्वतःचे म्हणून सांगत होता.

माझी पोरगी त्याच कॅफेत कामाला होती. ती म्हणाली, “बघ, ओळीओळीत ‘घोंगडी’ हाच शब्द घातलाय. शोधणाऱ्याला त्याचंच पान आधी दिसावं म्हणून. पण शब्द अती कोंबला की इंटरनेटवर शोधून देणारे ते पान पार मागं टाकतात.”

मला लगेच कळलं. लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ बेताची लावली तर घोंगडी टिकते. जास्त झाली की फळीसारखी ताठ होते, कोणी घेत नाही. दिरानं जन्मात खळ लावली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तो औंढ्याच्या बाजारात भेटला.

“वहिनी, पाहिलं का? आपलं पान सगळ्यात वर येऊन राहिलं.”

“पाहिलं भाऊजी. पण घोंगडी शब्द लई कमी हाय. अजून घाला.”

“किती?”

“मावतील तितके.”

त्यानं घातले. दोन महिन्यांत ते पान शोधूनही सापडेना, आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक तुटलं. तो दारात आला. “काहून झालं असं, वहिनी?”

“मला काय ठाऊक? मी चौथी शिकलेली.”

मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. दुकान बंद पडलं, पुढं दीरही वारला. मी आहे, आणि माझा माग चालू आहे.