सुतकातला पेपर

वडील गेले आणि तिसऱ्या दिवशी माझा स्टॅटिस्टिक्सचा पेपर होता. सावडायचाही तोच दिवस.

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत निपाणी-बेळगावकडची बरीच घरं आहेत. कुणाकडचं माणूस गेलं की त्या घरातली शेगडी बंद होते आणि बाकीच्या घरांतून डबे सुरू होतात. कुणाला सांगावं लागत नाही. चहा एकीकडून, भाकरी-पिठलं दुसरीकडून. पुरुषांनी कामावर रजा टाकल्या होत्या. बायका आळीपाळीने आईजवळ बसत होत्या.

मी ठरवलं होतं, पेपर नंतर देता येईल. आई दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. त्या सकाळी ती एवढंच म्हणाली, "जा."

शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना ते पटलं नाही. "सुतकात परीक्षेला? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे आपणच की हो मावशी," समोरची अक्का म्हणाली. "आपण काय म्हणायचं न्हाई. सरी? ठरलं न्हवं?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील कारखान्यात लेथवर होते. मला शिकवायचं हा त्यांचा आणि आईचा एकच हट्ट, हे गल्लीला ठाऊक होतं. पुरुष सावडायला निघाले आणि अक्काने मला स्कूटरवरून कॉलेजला सोडलं.

पेपर सोपा होता. हे लिहितानाही मला संकोच वाटतो. सहसंबंधाचं गणित झटकन सुटलं तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. मी पुरवणी मागून घेतली. बाहेर जिन्यात मैत्रिणीशी उत्तरं पडताळताना मी कशाला तरी हसलेसुद्धा. मग एकदम लक्षात आलं, पेपर हातात पडल्यापासून वडील एकदाही आठवले नव्हते. तिकडे एव्हाना त्यांच्या अस्थी गोळा झाल्या असतील.

घरी आले तर खोली बायकांनी भरलेली. आई भिंतीला टेकून होती. तिने मान वर केली. "कसा गेला?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्या रडवेल्या चेहऱ्यांसमोर 'चांगला' हा शब्द मला उच्चारता येईना.

"नाही जमला. काही सुचलंच नाही."

"सुचंल कसं गं बाई," म्हणत मावशींनी मला जवळ ओढलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मी ते सगळं घेतलं. आईने तोंड भिंतीकडे वळवलं.

"माझंच चुकलं," अक्का म्हणाली. "मी उगंच हिला नेलं. मावशी, तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

मावशी टोमणा मारतील असं मला वाटलं होतं. पण त्या अक्कालाच समजावू लागल्या, "असू दे गं, तू चांगल्यासाठीच केलंस." मला ते ऐकवेना.

"जमला," मी म्हटलं. "सगळा जमला. मी खोटं बोलले."

मग मावशी म्हणाल्या, "अगं खुळे, मग तोंड असं पाडून कशाला आलीस? बापाला कळलं असतं तर गल्लीभर सांगत सुटला असता."

ते ऐकून आई मोठ्याने रडायला लागली. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच. बायका तिच्याभोवती सरकल्या. मी जागची हलले नाही. मला तिच्याजवळ जायचा हक्क आहे की नाही, तेच कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "पुढचा कधी?"

"सोमवारी."

"मग बस अभ्यासाला."

बायकांनी आपापले पाय आखडून खिडकीखाली माझ्यापुरती जागा केली. मी पुस्तक उघडलं. आईला पुन्हा हुंदका आला, तशी अक्काने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. आणि मग त्या सगळ्याजणी पदर तोंडाशी धरून, मला त्रास होऊ नये म्हणून, आवाज न करता रडत राहिल्या.