अमेरिकेतला वाद मिटवायला मी उठलो

कसं सांगू तुम्हाला! शारजात बसून मी अमेरिकेतलं भांडण सोडवायला गेलो. तेही चाळीस माणसांसमोर, माईक हातात घेऊन!

मी परबशेठच्या खानावळीत ड्रायव्हर. महिन्यातून एका शनिवारी दुपारी तिथे आपली मराठी मंडळी गप्पांना जमतात. माझा दादा तिथला हुकमी वक्ता. गोदामात स्टोअरकीपर होता, पण पेपर वाचायचा अगदी अधाशासारखा. पुढच्या विषयावर तोच बोलणार होता. त्याआधीच गेला. कामावर छातीत कळ आली आणि खलास. दीड महिना झाला. अजून माझ्या हातून चहा दोन कपच टाकला जातो.

गप्पांचा कार्यक्रम बघतात साठेकाका. दुबईत इंजिनिअर आहेत. त्यांचा फोन आला.

"बाळ्या, दादाच्या जागी कुणाला उभं करू रे?"

"मी बोलतो!"

"तू? विषय माहितीये का? अमेरिकेत समाजवाद वाढतोय का?"

"माहितीये की!"

आता तुम्हीच सांगा, यात न कळण्यासारखं काय होतं? समाज आणि वाद! अमेरिकेतल्या आपल्या समाजात वाद वाढलाय. मंडळ फुटलं असणार! गणपती कुठल्या हॉलमध्ये बसवायचा यावरून इथेही एकदा खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या.

दादाने भाषणाचे मुद्दे एका कागदावर लिहून ठेवले होते. तो मी खिशात घेतला. उघडला मात्र नाही. त्याचं अक्षर बघायची हिंमत नव्हती हो! एवढंच ठरवलं होतं, दादाच्या जागी उभं राहायचं आणि त्याचं नाव खाली जाऊ द्यायचं नाही.

शनिवारी आधी परबशेठ उठले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत.

"अमेरिकेत समाजवाद येणारच! तिथल्या पोरांना आता कॉलेज फुकट पाहिजे, दवाखाना फुकट पाहिजे!"

"काहीतरीच काय शेठ!" साठेकाका बसल्या जागेवरून ओरडले. "दवाखान्याच्या बिलापायी घर विकायची वेळ आली की कुणीही मागेल. टॅक्स वाढवून बघा, तोच अमेरिकन बोंब मारेल!"

म्हणजे भांडण दवाखान्यावरून होतं तर! मी उठलो आणि माईक ओढून घेतला.

"माझं म्हणणं सोपं आहे. दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवा आणि चहा पाजा!"

टाळ्या! त्यांना वाटलं, मी अमेरिकेतल्या निवडणुकीतल्या पार्ट्यांबद्दल बोलतोय. साठेकाका तर म्हणाले, "वा! मुद्दा आहे!"

मग काय, मला जोरच चढला.

"आपल्याकडे बघा ना. माझा दादा गेला, तेव्हा झाला का वाद? परबशेठनी महिनाभर घरी डबा पाठवला. दादाला गावी न्यायचं होतं, तर साठेकाका सुट्टी टाकून चार ऑफिसं फिरले. ज्याला जे जमलं ते त्याने केलं. मला जे लागलं ते मिळालं. हा तुमचा कोण, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून छातीठोकपणे सांगतो, शारजात समाजवाद नाही! आणि अमेरिकेतलाही बंद झालाच पाहिजे!"

परबशेठ डोळे पुसत पुढे आले.

"गाढवा, तू आत्ता जे सांगितलंस ना, साधारण त्यालाच समाजवाद म्हणतात."

"हां? मग भांडण कुठाय?"

असा हशा उसळला म्हणता! साठेकाका खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. मीही हसलो. दीड महिन्यात पहिल्यांदाच हसलो, आणि हसता हसता रडूच फुटलं. रुमालासाठी खिशात हात घातला, तर बाहेर आला दादाचा कागद. ओढताना त्याची घडीही उलगडली.

पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'आधी समाजवाद शब्दाचा अर्थ सांगणे. नाहीतर आमचा बाळ्या भांडण सोडवायला उठेल.'